एक्झॉस्टचा पाइप बदलण्याआधी: कुठे कोणता धातू लागतो

सायलेन्सर उष्णतेने जळून जातो, असं बहुतेकांना वाटतं. इंजिनाजवळच्या भागापुरतं ते खरं आहे. मागचा डबा मात्र पाण्याने सडतो, आणि तोही आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पाइप गरम असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं, थंड असेल तर डब्यात साचतं. त्यात धुरातले सल्फर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड विरघळतात आणि पातळ आम्ल तयार होतं. सीएनजीवर पाणी आणखी जास्त: एक किलो सीएनजीमागे सुमारे सव्वादोन किलो, तर एक किलो पेट्रोलमागे साधारण १.४ किलो. सीएनजीवर शहरात फिरणाऱ्या गाड्यांचे मागचे डबे लवकर जातात त्याला हे एक मोठं कारण आहे.

म्हणून धातू निवडताना त्या ठिकाणी किती ताप आहे आणि किती पाणी साचतं, या दोन गोष्टी आधी बघायच्या. अख्ख्या लाइनला एकच 'भारी' धातू लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि काही वेळा नवीन बिघाड ओढवून घेणं.

पायरी १: लाइन समोरून मागे ओळखून घ्या

गाडी सपाट जागेवर घ्या, थंड होऊ द्या. जॅकवर उचलून खाली शिरू नका. स्टँड लावा किंवा रॅम्पवर चढवा. मग इंजिनापासून मागे बघत या.

*मॅनिफोल्ड.* सगळ्या सिलिंडरांचा धूर एका पाइपात आणणारा, इंजिनाला लागूनचा भाग. पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर इथला वायू ८५०–९५० अंश सेल्सियसपर्यंत जातो, काही टर्बो इंजिनांत त्याहूनही वर. डिझेलमध्ये कमी. जुन्या गाड्यांत मॅनिफोल्ड बिडाचा असतो. साधं ग्रे आयर्न ६०० अंशांच्या आसपासच थकायला लागतं, म्हणून पुढे सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घातलेलं एसजी आयर्न (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) आलं. ते ८५० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. त्याच्याही वरच्या तापाला जास्त निकेल असलेलं बीड किंवा ओतीव स्टेनलेस वापरतात. ग्रे आणि एसजी आयर्नचं ओतकाम आपल्याकडे कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्र्यांत मोठ्या प्रमाणावर चालतं. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र पाइप-पत्र्यापासून बनवलेला स्टेनलेसचा मॅनिफोल्ड असतो, बहुधा ४४१ ग्रेडचा. काही लहान इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) थेट हेडला चिकटतो. तिथे बदलायला मॅनिफोल्ड असा वेगळा नसतोच.

*फ्लेक्स.* जाळीने विणलेला, वाकणारा तुकडा. आत ०.२–०.३ मिमी जाडीच्या स्टेनलेसच्या वळ्या, वर ३०४ ची जाळी. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही; मधला फरक हा तुकडा झेलतो.

*कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.* बाहेरचं कवच ४०९ किंवा ४३९–४४१ स्टेनलेसचं. आत बहुतेक गाड्यांत कॉर्डिअराइट नावाच्या सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं, काहींत लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या ०.०५ मिमी पातळ पट्टीचं. त्यावरच्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. सगळं मिळून काही ग्रॅमच, पण चोर गाडीखाली शिरतो तो त्यासाठीच. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १९९५ पासून सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाने हा लेप कायमचा निकामी होतो.

*मधला पाइप आणि रेझोनेटर.* रेझोनेटर म्हणजे आवाज कमी करणारा मधला छोटा डबा. ३०० ते ५०० अंश. कंपनीचा पाइप बहुधा ४०९ चा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या स्टीलचा, जाडी १.२ ते १.५ मिमी.

*मागचा डबा आणि टेल पाइप.* १५० ते ३०० अंश. रोजची तीन-चार किलोमीटरची फेरी असेल तर डबा पुरता तापतच नाही. डब्याच्या सगळ्यात खालच्या बाजूला साधारण ३ मिमीचं भोक दिसलं तर ते गळती समजून वेल्डिंगने बुजवू नका. पाणी निथळायला कंपनीनेच ठेवलेलं असतं.

पायरी २: हातातला धातू कोणता ते ओळखा

इथे सर्वात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडं सविस्तर.

लोहचुंबक लावून बघा. 'चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही' हा बाजारातला नियम एक्झॉस्टला लागू नाही. ४०९, ४३९, ४४१ हे सगळे स्टेनलेसच आहेत आणि सगळ्यांना चुंबक कडक चिकटतो. ४०९ मध्ये १०.५ ते ११.७ टक्के क्रोमियम, निकेल नाममात्र आणि थोडं टायटॅनियम असतं. नवीन गाडीचा पाइप पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी दिसतो तो यामुळे. हा गंज वरवरचा. कानस मारली की खाली चकचकीत धातू लागतो. खपल्या निघत असतील तर तो साधा एमएस (माइल्ड स्टील) किंवा मुलामा उडालेलं स्टील.

मुलाम्याचं स्टील मंद रुपेरी दिसतं. ग्राइंडरने वरचा थर काढा, खाली साधं लोखंड निघतं. ते ६५० अंशांच्या आसपासपर्यंत चांगलं टिकतं. कापलेल्या कडेला आणि वेल्डिंगपाशी मात्र मुलामा जळतो आणि गंज नेमका तिथूनच आत शिरतो.

चुंबक चिकटला नाही तर धातू ३०० किंवा २०० मालिकेतला. ३०४ मध्ये १८ ते २० टक्के क्रोमियम आणि ८ ते १०.५ टक्के निकेल. बाजारात ३०४ म्हणून २०२ सर्रास खपवलं जातं. त्यात निकेल ४ ते ६ टक्केच, बाकी भरणा मँगेनीजचा. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, चकाकी सारखीच, म्हणून डोळ्यांनी फरक कळणार नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या हवेत मात्र २०२ लवकर डाग धरतं आणि वेल्डिंगपाशी खड्डे पडतात. त्यामुळे पाइप घेताना तीन गोष्टी करा:

– पाइपवर छापलेला ग्रेड आणि हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. मुंबईत गिरगाव-सीपी टँक भागातले मोठे पाइपवाले मागितलं तर सर्टिफिकेट देतात. जो द्यायला टाळतो त्याच्याकडून 'तीनशे चार' घेऊ नका.

– नऊ व्होल्टची बॅटरी आणि टेस्टिंग लिक्विडचा थेंब. भंगारवाल्यांकडे हे किट असतंच. रंग किटच्या पत्रकाशी ताडून पाहा. मोठी ऑर्डर असेल तर एक्स-रे गनने तपासून देणाऱ्याकडे जा.

– वजन करा. ४५ मिमी बाहेरचा व्यास आणि १.५ मिमी जाडी असेल तर मीटरला साधारण १.६ किलो, १.२ मिमी असेल तर १.३ किलो. जाडी दीडची सांगून सव्वाची देणं नेहमीचं आहे, आणि तोंडाच्या कडेला बर (कापताना राहिलेली धारदार कड) असेल तर कॅलिपरही फसतो.

ग्राइंडरवर ठिणगी बघूनही अंदाज येतो. एमएसच्या ठिणग्या लांब, पिवळट आणि टोकाला फुटणाऱ्या. स्टेनलेसच्या आखूड, लालसर, कमी फुटणाऱ्या. पण ३०४ आणि २०२ मधला फरक याने सांगता येत नाही.

पायरी ३: बिघाड कुठला ते ठरवा

थंड इंजिन सुरू करा. मदतनिसाला टेल पाइपवर ओलं जाड फडकं दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. फुसफुस ऐकू आली तिथे गळती. बारीक गळतीसाठी जोडांवर साबणाचं पाणी लावा. बंद शेडमध्ये हे करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

'टक-टक' आवाज थंड असताना येतो आणि गाडी तापली की थांबतो, तर मॅनिफोल्डला चीर असण्याची किंवा गॅस्केट गेल्याची शक्यता. तापल्यावर धातू फुगून फट बुजते. मॅनिफोल्ड काढला तर तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला, ०.१५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग करून (तोंड घासून सपाट करून) घ्या, नवीन गॅस्केट टाकून भागणार नाही. बिडाला पडलेली चीर साध्या रॉडने भरली की शेजारीच नवी पडते. निकेलचा रॉड, आधी तापवणं, चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक, आणि वेल्डिंगनंतर कोरड्या वाळूत पुरून हळूहळू थंड करणं, एवढं सगळं करणारा मिळाला तरच ती दुरुस्ती करा. नाहीतर मॅनिफोल्ड बदला.

फ्लेक्स फाटला असेल तर आधी इंजिन माउंटिंग तपासा. माउंटिंग खचलेलं असताना टाकलेला नवा फ्लेक्स काही महिन्यांत फाटतो आणि शिव्या फ्लेक्सवाल्याला पडतात.

ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ वाटतं आणि ती पेट्रोल वाढवते. ॲव्हरेज पडलं म्हणून प्लग-फिल्टर बदलत बसण्याआधी हा जोड बघा.

कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकं मारा. आत खुळखुळलं तर जाळं तुटलंय. जाळं वितळलं असेल तर मूळ रोग इंजिनात आहे: मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतं. प्लग किंवा कॉइल दुरुस्त केल्याशिवाय नवा कन्व्हर्टर टाकणं म्हणजे तोही वितळवणं. तापलेली गाडी अचानक साचलेल्या पाण्यात घातली तरी सिरॅमिक तडकू शकतं.

कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ पाइप टाकून देणारे भेटतील. ते बेकायदा आहे. आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय बीएस-६ गाडीत कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच चेक इंजिनचा दिवा लावतो.

पायरी ४: धातू निवडा

पाच-सहा वर्षं जुनी, नेहमीच्या वापराची गाडी असेल तर कंपनीसारखाच ४०९ चा किंवा मुलाम्याच्या स्टीलचा तयार डबा घ्या. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत आणि लांब पल्ल्याच्या वापरात तो पुरतो. समुद्राकाठची गाडी, सीएनजी, किंवा रोजच्या छोट्या फेऱ्या असतील तर मागचा डबा आणि टेल पाइप ३०४ चा करून घेणं परवडतं. अगदी किनाऱ्यावरच राहत असाल तर टेल पाइपला ३१६. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठाला तोंड देतं. मॅनिफोल्डजवळ ३१६ लावण्यात अर्थ नाही. तिथे ३२१ किंवा ४४१ हवा.

३०४ बाबत एक गोष्ट वेल्डिंगवाले सहसा बोलत नाहीत: तो तापल्यावर जास्त वाढतो. दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर ३०४ साधारण १० मिमी लांबतो, ४०९ किंवा एमएस ७ मिमी. जुन्या हँगरवर ३०४ चा पूर्ण पाइप घट्ट बसवला की या वाढीला जागा राहत नाही आणि ताण फ्लेक्सवर किंवा वेल्डवर येतो. म्हणून पूर्ण लाइन ३०४ ची करायची तर एक सरकता जोड ठेवा.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कधीही लावू नका. स्वस्त पडतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, म्हणून हा जुगाड फार चालतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणजे गरम भागात मुलामा टिकतच नाही. आणि वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

इनकोनेल (निकेलचा मिश्रधातू) आणि टायटॅनियम रेसिंगच्या आणि महागड्या गाड्यांचा विषय. टायटॅनियम स्टीलच्या जेमतेम ५७ टक्के वजनाचं, म्हणून २००१ च्या कॉर्व्हेट झेड०६ ला शेव्हर्लेने त्याचे मफलर दिले होते. आपल्या हॅचबॅकला त्याने काही फरक पडणार नाही.

व्यास वाढवू नका. मूळ पाइप ४२ मिमीचा असेल तर ४२ चाच.

पायरी ५: कापणं आणि वेल्डिंग

शक्य असेल तर पाइप गाडीतून काढूनच वेल्ड करा. गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ऑक्सिजन सेन्सरचा प्लग सोडवा, आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी पाइपवरच लावा. चॅसिसवर कुठेतरी लावला तर करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा.

स्टेनलेसला वेगळी ग्राइंडिंग डिस्क वापरा. एमएसवर चाललेली डिस्क लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतवते आणि तिथे पुढच्या पावसात लाल ठिपके येतात.

पातळ पाइपला आरगॉन वेल्डिंग सर्वात चांगलं. १.५ मिमीला ४५ ते ६० अँपिअर, १.६ मिमीचा टंगस्टन इलेक्ट्रोड, आरगॉन मिनिटाला ८ ते १० लिटर. आधी चार ठिकाणी टाका मारा, समोरासमोर. मग तुकड्या-तुकड्याने भरा, म्हणजे पाइप वाकडा होत नाही. ३०४ पाइपच्या आतही आरगॉन भरायला हवा: दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद करा, एका बाजूने नळी घाला, दुसरीकडे छोटं भोक ठेवा, दोन-तीन मिनिटं वाहू द्या. नाहीतर वेल्ड बाहेरून सोनेरी आणि आतून काळा, दाणेदार, भुसभुशीत होतो. कारागिराला हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून आधीच ठरवून घ्या.

भरायची तार धातूप्रमाणे बदलते. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल. ३०४ ला एमएस किंवा ४०९ जोडताना ३०९एल. ४०९ ला ४०९ जोडताना त्याच जातीची तार, नसेल तर ३०९एल. इथला 'एल' महत्त्वाचा, तो कमी कार्बन दाखवतो. कार्बन जास्त असेल तर ४५० ते ८५० अंशांत तो क्रोमियमला धरून बसतो आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंची पट्टी गंजायला मोकळी होते.

सीओटू वेल्डिंगवाला तांब्याचा मुलामा असलेली नेहमीची एमएस तार स्टेनलेसवर चालवत असेल तर तिथेच थांबवा. जोड त्या दिवशी छान दिसतो; पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाइप शाबूत आणि वेल्ड लाल, असं चित्र असतं. सीओटू मशीनच वापरायचं तर स्टेनलेसची ०.८ मिमीची तार आणि आरगॉनमध्ये २ टक्के सीओटूचं मिश्रण घ्यायला सांगा.

फ्लेक्स वेल्ड करताना जाळीवर आर्क जाऊ देऊ नका, टोकाच्या कॉलरवरच टाका मारा. तो पीळ बसलेला किंवा ताणलेला नको, आपल्या मूळ लांबीत सैल बसला पाहिजे.

पायरी ६: बसवणं

सगळे जोड आधी हाताने बसवा. हँगरची रबरं सरळ लोंबताहेत ना ते बघा. पाइप बॉडी, टाकी आणि ब्रेकच्या होजपासून किमान २० ते २५ मिमी लांब हवा. मग समोरून मागे कसत जा.

मॅनिफोल्डच्या स्टडला स्टेनलेसचे नट लावू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस आटे चावून बसतात आणि पुढच्या वेळी स्टडच तुटतो. तांब्याचा मुलामा असलेले किंवा पितळी नट वापरा, आट्यांना निकेलची किंवा तांब्याची अँटिसीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) लावा. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांवर पेस्ट चालते, टोकाला लागता कामा नये. सेन्सरच्या आधीच्या जोडांवर साधा सिलिकॉन सीलंट नको, त्याची वाफ सेन्सर निकामी करते. एम-सील इथे टिकत नाही. तात्पुरतं काम करायचंच तर एक्झॉस्टसाठीची पुट्टी लावा आणि इंजिन आयडलवर हळूहळू तापू द्या.

एमएस किंवा मुलाम्याच्या स्टीलच्या वेल्डला ब्रशने घासून ६०० अंशांचा रुपेरी उष्णतारोधक पेंट मारा. पावसाळ्याआधी अंडरबॉडी अँटिरस्ट मारून घेणार असाल तर एक्झॉस्ट झाकायला सांगा. त्यावर डांबरी कोटिंग बसलं की वास, धूर, आणि कन्व्हर्टरजवळ आगीचा धोका.

पहिल्यांदा १० मिनिटं आयडल, मग २० किलोमीटरची फेरी. गाडी पूर्ण थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प आणि फ्लँज पुन्हा कसा, कारण नवं गॅस्केट पहिल्या तापात दबतं. साधारण ३०० किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.